किमान भाडे आणि रेषेचा आंतरछेद : एका गणित प्रकल्पाच्या नोंदी

२३ जून २०२५

दहावीच्या गणित मंडळासाठी या सत्रात एकच प्रकल्प घेण्याचे ठरले आहे. मुंबईतील रिक्षाच्या मीटरभाड्याचे रेषीय समीकरण मांडायचे, त्या रेषेचा चढ (अंतर एक एककाने वाढले की भाडे जितके वाढते ती संख्या) आणि दोन्ही अक्षांवरील आंतरछेद (रेषा अक्षाला जिथे छेदते तिथली संख्या) काढायचे, आणि निघालेल्या प्रत्येक संख्येला प्रवाशाच्या खिशाच्या दृष्टीने काय अर्थ आहे ते लिहून ठेवायचे. पाठ्यपुस्तकात ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’ हे प्रकरण गणिताच्या पहिल्या भागात येते आणि रेषेचा चढ दुसऱ्या भागातील ‘निर्देशक भूमिती’मध्ये येतो. त्यामुळे या दोन गोष्टी दोन वेगळ्या पेपरांच्या आहेत अशी मुलांची समजूत होते, आणि एकाच समीकरणातून दोन्ही वाचता येतात हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही.

आधारासाठी घेतलेली माहिती अगदी थोडी आहे. १ फेब्रुवारी २०२५ पासून मुंबई महानगर प्रदेशात रिक्षाचे पहिल्या दीड किलोमीटरचे किमान भाडे २६ रुपये आहे आणि त्यापुढील दर किलोमीटरला १७.१४ रुपये आहे. काळ्या-पिवळ्या टॅक्सीसाठी हेच आकडे ३१ रुपये आणि २०.६६ रुपये असे आहेत. सर्व नोंदींमध्ये ‘क्ष’ म्हणजे किलोमीटरमधील अंतर आणि ‘य’ म्हणजे रुपयांमधील भाडे समजावे. मीटर गाडी थांबलेला वेळही मोजतो, परंतु तो वेळ धरल्यास तिसरे चल येते आणि रेषेऐवजी प्रतल हाती लागते. म्हणून वाटेत कुठेही न थांबलेली रिक्षा गृहीत धरली आहे. मुंबईत अशी रिक्षा पहाटेशिवाय मिळत नाही, ही गोष्ट वेगळी.

२७ जून २०२५

पहिल्याच बैठकीत वर्गाने समीकरण मांडले, ते असे : य = १७.१४क्ष + २६. उत्तर एकमुखाने आले, आणि ते का आले हेही उघड आहे. सरावाच्या उदाहरणांत ‘एक ठरावीक रक्कम आणि त्यावर दर नगाला इतके’ अशी भाषा असते, तिथे ठरावीक रक्कम म्हणजे आंतरछेद आणि दर म्हणजे चढ असे कोष्टक पाठ झालेले असते. किमान भाडे ही ठरावीक रक्कम दिसते, म्हणून ती य = मक्ष + क या रूपातील ‘क’च्या, म्हणजे य-आंतरछेदाच्या, जागी सरळ जाऊन बसते (‘म’ म्हणजे चढ).

हे समीकरण तपासायला एकच अंतर पुरते. क्ष = १.५ ठेवल्यास य = २५.७१ + २६ = ५१.७१ येते, म्हणजे दीड किलोमीटरला जवळजवळ बावन्न रुपये, आणि इतके भाडे कोणताही प्रवासी निमूटपणे देणार नाही. २६ रुपयांमध्ये पहिला दीड किलोमीटर आधीच आलेला आहे, त्याचे पैसे पुन्हा घेता येत नाहीत. तेव्हा योग्य मांडणी बिंदू-चढ रूपाची होते. रेषा (१.५, २६) या बिंदूतून जाते आणि तिचा चढ १७.१४ आहे, म्हणून

य − २६ = १७.१४(क्ष − १.५)

आणि कंस सोडवल्यावर

य = १७.१४क्ष + ०.२९.

२६ची जागा ०.२९ने घेतली तेव्हा वर्गात थोडा वेळ अविश्वास होता. दोघातिघांनी वजाबाकी पुन्हा करून पाहिली. वजाबाकी बरोबरच आहे : २६ − २५.७१ = ०.२९. किमान भाडे हा रेषेवरचा एक बिंदू आहे आणि आंतरछेद हा दुसरा बिंदू आहे, या एका वाक्याभोवती पुढचा सगळा प्रकल्प फिरणार असे दिसते.

२ जुलै २०२५

आज य-आंतरछेदावर बराच वेळ दिला, कारण इथे दोन बरोबर उत्तरे परस्परांच्या विरोधात उभी राहतात.

समीकरणावरून पाहिले तर क्ष = ० ठेवल्यावर य = ०.२९ मिळते, म्हणजे य-आंतरछेद एकोणतीस पैसे आहे. भाड्याचा प्रत्यक्ष आलेख पाहिला तर मात्र वेगळे चित्र दिसते. रिक्षात बसून मीटर टाकला की अंतर शून्यालगत असतानाच भाडे २६ रुपये असते आणि ते दीड किलोमीटरपर्यंत हलत नाही. म्हणजे आलेख य-अक्षाला २६ वर मिळतो, तिथून क्ष-अक्षाला समांतर असा दीड किलोमीटर जातो, आणि मग वळून तिरका वर चढतो. आडव्या भागाचे समीकरण य = २६, त्याचा चढ शून्य. तिरक्या भागाचे समीकरण य = १७.१४क्ष + ०.२९, त्याचा चढ १७.१४. हे दोन्ही भाग (१.५, २६) या बिंदूत जोडलेले आहेत.

भाड्याचा आलेख ही एक रेषा नसून एका रेषाखंडाला जोडलेला किरण आहे, असे वहीत नेमक्या शब्दांत लिहून घेतले. तिरक्या भागाच्या समीकरणाचा आंतरछेद काढताना आपण तो किरण मागे वाढवतो, आणि वाढवलेल्या भागावर कोणतेही खरे भाडे नसते. म्हणून ‘य-आंतरछेद किती’ या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी ‘कशाचा’ हे विचारणे भाग आहे. वाढवलेल्या रेषेचा ०.२९, भाड्याच्या आलेखाचा २६. परीक्षेत समीकरण दिलेले असते, त्यामुळे हा प्रश्न उद्भवत नाही. व्यवहारातील माहितीवरून समीकरण स्वतः बनवायचे असले की तो पहिल्याच पावलाला उभा राहतो.

८ जुलै २०२५

आलेख कागदावर रेषा काढून घेतली. क्ष-अक्षावर १ सेंटिमीटर = १ किलोमीटर आणि य-अक्षावर १ सेंटिमीटर = २० रुपये असे प्रमाण घेतले, त्यामुळे दहा किलोमीटरपर्यंतचा आलेख एका कागदात सामावतो. आडवा भाग पेन्सिलीने ठळक, तिरका भाग ठळक, आणि तिरक्या भागाचे मागचे टोक तुटक रेषेने आरंभबिंदूपर्यंत नेले.

तुटक रेषा आरंभबिंदूतूनच जाते असे सर्वांनी एकमताने सांगितले, आणि या कागदावर दुसरे काही दिसणे शक्यही नाही. २० रुपयांना एक सेंटिमीटर या प्रमाणात २९ पैसे म्हणजे सुमारे ०.१५ मिलिमीटर होतात, आणि चांगले टोक काढलेल्या पेन्सिलीची रेघही त्याहून जाड असते. आंतरछेद त्या रेघेच्या जाडीत लपला आहे.

म्हणून दुसऱ्या कागदावर केवळ आरंभबिंदूचा परिसर मोठा करून काढला. क्ष-अक्षावर १ सेंटिमीटर = १० मीटर, य-अक्षावर १ सेंटिमीटर = १० पैसे. आता रेषा य-अक्षाला आरंभबिंदूच्या २.९ सेंटिमीटर वर छेदते आणि क्ष-अक्षाला त्याच्या डावीकडे १.७ सेंटिमीटरवर. एकाच समीकरणाचे हे दोन कागद शेजारी शेजारी ठेवले की पहिल्यात आरंभबिंदूतून गेल्यासारखी दिसणारी रेषा दुसऱ्यात त्याला स्पष्टपणे चुकवते.

याच ओघात कोनाचा विषय निघाला. चढ म्हणजे क्ष-अक्षाच्या धन दिशेशी रेषेने केलेल्या कोनाचे टॅन गुणोत्तर, हे मुलांना माहीत आहे. पहिल्या कागदावर कोनमापकाने कोन मोजला तर तो सुमारे ४१ अंश भरतो, ज्याचे टॅन गुणोत्तर ०.८६च्या आसपास येते, १७.१४ नव्हे. य-अक्षाचे प्रमाण १ सेंटिमीटरला १० रुपये केले की तोच कोन साठ अंशांच्या जवळ जातो. कोन कागदाच्या प्रमाणावर ठरतो आणि चढ ठरत नाही, कारण चढाला ‘रुपये प्रति किलोमीटर’ हे एकक आहे. दोन्ही अक्षांवर एकच एकक आणि एकच प्रमाण असते तेव्हाच कोनमापकाने चढ काढता येतो. पाठ्यपुस्तकातील रेषांच्या आलेखांत ही अट बहुतेक वेळा पाळलेली असते, त्यामुळे ती अट आहे हेच विसरायला होते.

चढाचा व्यस्त काढून पाहिला : १ ÷ १७.१४ = ०.०५८३ किलोमीटर, म्हणजे एका रुपयात सुमारे ५८ मीटर. हा आकडा मुलांना १७.१४ पेक्षा अधिक आवडला.

१५ जुलै २०२५

क्ष-आंतरछेद. य = ० ठेवल्यास १७.१४क्ष = −०.२९, म्हणून क्ष = −०.०१६९ किलोमीटर, म्हणजे उणे १७ मीटर.

“बाई, उणे सतरा मीटर म्हणजे रिक्षा आधी मागे न्यायची का?” असा प्रश्न मागच्या बाकावरून आला आणि वर्ग हसला, परंतु प्रश्न थट्टेवारी नेण्याजोगा नव्हता. अंतर ऋण नसते, म्हणून हे उत्तर ‘अर्थहीन’ असे लिहून पुढे जाण्याची पद्धत आहे, आणि प्रस्तुत आलेखाला क्ष-आंतरछेद नाही हे खरेही आहे. आडवा भाग क्ष-अक्षाला समांतर आहे, तो त्याला कधीच छेदणार नाही, आणि तिरका भाग २६ रुपयांच्या खाली येतच नाही. फुकट प्रवासाचा बिंदू भाड्याच्या आलेखावर नसणारच.

तरीही या संख्येचे वाचन करता येते. समीकरणातून चढ सामाईक काढला तर

य = १७.१४(क्ष + ०.०१६९)

असे रूप मिळते. याचा अर्थ असा की दीड किलोमीटरच्या पुढचा प्रत्येक प्रवासी सरळ दरानेच पैसे देतो, मात्र प्रत्यक्ष अंतरापेक्षा सतरा मीटर जास्त गेल्यासारखे देतो. किमान भाडे २५.७१ ऐवजी २६ केल्यामुळे जे २९ पैसे वाढले, त्यांचेच अंतराच्या भाषेतील हे मोजमाप आहे. य-आंतरछेद ही वाढ रुपयांत सांगतो, क्ष-आंतरछेद तीच मीटरमध्ये सांगतो, आणि दोहोंतील दुवा चढ आहे : ०.२९ ÷ ०.०१६९ केल्यावर पुन्हा १७.१४च्या जवळपास येते. मुलांनी भागाकार करून पाहिला तेव्हा कुणाला १७.१६ आले, कुणाला १७.१४, आणि हा फरक ०.०१६९ किती दशांश स्थळांपर्यंत ठेवले यावरून पडतो हे त्यांचे त्यांनीच शोधून काढले.

२१ जुलै २०२५

छोटी नोंद. मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंत भाडे सव्वापट होते. सव्वापट करणे म्हणजे समीकरणाच्या उजव्या बाजूला १.२५ने गुणणे, म्हणून पूर्णांकात आणण्यापूर्वीचे रात्रीचे समीकरण य = २१.४२५क्ष + ०.३६२५ होते. चढ वाढला, य-आंतरछेद त्याच पटीत वाढला, क्ष-आंतरछेद मात्र उणे १७ मीटरच राहिला. क्ष-अक्षावरच्या त्या एका बिंदूला खिळून रेषा अधिक उभी झाली. सामानाचे वेगळे शुल्क घेतले तर याच्या उलट घडते : चढ तोच, रेषा समांतर वर सरकते आणि दोन्ही आंतरछेद बदलतात. शेअर रिक्षात माणशी ठरलेले भाडे मार्गात कुठेही उतरले तरी तेवढेच घेतात, तिथे चढ शून्य. क्ष-अक्षाला लंब असलेल्या रेषेचे, म्हणजे चढ ठरवता न येणाऱ्या रेषेचे, उदाहरण भाड्यांत सापडले नाही. त्यासाठी रिक्षा जागची न हलता अंतरावरून भाडे वाढावे लागेल.

२८ जुलै २०२५

आजपासून उलट दिशेने काम केले. आतापर्यंत चढ जाहीर झालेला होता आणि आपण समीकरण लिहीत होतो. आता समजा चढ माहीत नाही आणि हाती फक्त दरपत्रक आहे, ज्यात भाडे पूर्ण रुपयांत दिलेले असते. जाहीर दरावरून असे दरपत्रक आम्हीच तयार केले, जवळच्या रुपयात आणून : १.५ किलोमीटरला २६, २ ला ३५, ३ ला ५२, ४ ला ६९, ५ ला ८६ आणि १० ला १७२ रुपये.

वर्गाच्या जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला दोन बिंदू देऊन चढ व य-आंतरछेद काढायला सांगितले. (१.५, २६) आणि (२, ३५) घेणाऱ्यांना चढ ९ ÷ ०.५ = १८ मिळाला आणि आंतरछेद २६ − २७ = −१. (२, ३५) आणि (३, ५२) घेणाऱ्यांना चढ १७ आणि आंतरछेद +१. (२, ३५) आणि (१०, १७२) घेणाऱ्यांना चढ १३७ ÷ ८ = १७.१२५ आणि आंतरछेद ०.७५. (१.५, २६) आणि (१०, १७२) घेणाऱ्यांना चढ १४६ ÷ ८.५, म्हणजे सुमारे १७.१८, आणि आंतरछेद सुमारे ०.२४.

कोणाचेही गणित चुकलेले नाही आणि उत्तरे चार आहेत, ही परिस्थिती दहावीच्या वर्गात क्वचित येते, म्हणून तिच्यावर रेंगाळणे योग्य वाटले. कारण पूर्णांकात आणण्यात आहे. प्रत्येक भाड्यात जास्तीत जास्त ५० पैशांची तफावत असू शकते, दोन भाड्यांच्या वजाबाकीत ती जास्तीत जास्त एक रुपया होते, आणि चढ काढताना ती अंतरांच्या फरकाने भागली जाते. अर्धा किलोमीटर अंतर असेल तर चढात दोन रुपयांपर्यंत चूक शिरू शकते, आठ किलोमीटर असेल तर साडेबारा पैशांपर्यंतच. म्हणून आलेखावरून चढ काढताना बिंदू शक्य तितके दूरचे घ्यावेत. हा सल्ला विज्ञानाच्या प्रयोगवहीत नेहमी दिलेला असतो, त्यामागचे कारण क्वचित दिलेले असते.

आंतरछेदाची अवस्था चढापेक्षा वाईट आहे. चढ १७ ते १८च्या दरम्यान फिरला, म्हणजे मूळच्या सहा टक्क्यांच्या आत राहिला, परंतु आंतरछेद −१ पासून +१ पर्यंत गेला, त्याचे चिन्हसुद्धा भरवशाचे राहिले नाही. (४, ६९) आणि (५, ८६) या जोडीचेही उत्तर +१ आले. आंतरछेद हा दिलेल्या बिंदूंच्या पलीकडे असतो, आणि तिथपर्यंत जाताना चढातली चूक अंतराच्या पटीत वाढत जाते. खरा आंतरछेद २९ पैशांचा असताना केवळ रुपयांतल्या दरपत्रकावरून तो धन की ऋण हे सांगण्याचे धाडस करू नये, असा निष्कर्ष प्रकल्पवहीत नोंदवला.

५ ऑगस्ट २०२५

एक शंका गेल्या महिन्यापासून मनात होती. मुंबईचा आंतरछेद इतका लहान आहे तो योगायोगाने की रचनेनेच? यासाठी मुंबईचे आधीचे दर काढले. २०१५ पासून रिक्षाचे किमान भाडे १८ रुपये आणि किलोमीटरचा दर १२.१९ होता. १ मार्च २०२१ पासून २१ आणि १४.२०, १ ऑक्टोबर २०२२ पासून २३ आणि १५.३३, आणि आता २६ आणि १७.१४. प्रत्येक वेळी क = किमान भाडे − १.५ × म हे सूत्र लावले, तेव्हा आंतरछेद अनुक्रमे −०.२८५, −०.३०, +०.००५ आणि +०.२९ आले. टॅक्सीच्या २२ व १४.८४, २५ व १६.९३, २८ व १८.६६, ३१ व २०.६६ या जोड्यांवरून −०.२६, −०.३९५, +०.०१ आणि +०.०१ आले.

आठही वेळा किमान भाडे म्हणजे दराची दीडपट जवळच्या पूर्ण रुपयात आणलेली रक्कम आहे. १.५ × १२.१९ = १८.२८५, त्याचे १८. १.५ × १४.२० = २१.३०, त्याचे २१. याच रीतीने पुढचे सर्व. याचा अर्थ असा की मुंबईत आधी दर किलोमीटरचा दर ठरतो आणि किमान भाडे त्यातून निघते. मग आंतरछेदाबद्दल एक पक्के विधान करता येते : पूर्णांकात आणताना तफावत अर्ध्या रुपयाहून मोठी होत नाही, म्हणून जोपर्यंत ही पद्धत आहे तोपर्यंत मुंबईच्या भाड्याचा य-आंतरछेद −०.५० आणि +०.५० यांच्या मध्येच राहील, दर कितीही वाढो. रेषा दर भाडेवाढीला अधिक उभी होते, आणि आरंभबिंदूच्या आसपास किंचित हलत राहते. किमान भाडे ही वेगळी आकारणी नसून चढच आहे, दीड किलोमीटरच्या वेष्टनात बांधलेला.

भाडेवाढीच्या टक्केवारीचा एक गुंताही यातून सुटतो. २३ चे २६ झाले तेव्हा वाढ १३ टक्के झाली, असे किमान भाड्यावरून दिसते. चढावरून ती ११.८ टक्के आहे. दहा किलोमीटरच्या प्रवासाला समीकरणाने १५३.३१ वरून १७१.६९ झाले, म्हणजे सुमारे १२ टक्के. २०२१ पासून आतापर्यंतची वाढ किमान भाड्यावरून २३.८ टक्के भरते आणि चढावरून २०.७ टक्के. फरक पडतो तो आंतरछेद ऋणाकडून धनाकडे सरकल्यामुळे. प्रवास जितका लांब तितकी वाढीची टक्केवारी चढाच्या टक्केवारीजवळ जाते. भाडेवाढीच्या बातम्यांत मथळा किमान भाड्याचा असतो, लांब जाणाऱ्याने मात्र आपला हिशेब चढावरूनच करावा.

१४ ऑगस्ट २०२५

इतर शहरे घेतली, आणि प्रकल्पातील सर्वांत उद्बोधक भाग इथेच निघाला.

पुण्यात १ सप्टेंबर २०२२ पासूनचे दर पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये आणि पुढे किलोमीटरला १७ रुपये असे आहेत. समीकरण य = १७क्ष − ०.५०. य-आंतरछेद ऋण आणि क्ष-आंतरछेद +०.०२९ किलोमीटर, म्हणजे पुण्याचा प्रवासी २९ मीटर कमी गेल्यासारखे पैसे देतो. १.५ × १७ बरोबर साडेपंचवीस, त्यातला अर्धा रुपया प्रवाशाच्या बाजूने सुटला आहे.

बंगळूरमध्ये डिसेंबर २०२१ पासून पहिल्या दोन किलोमीटरना ३० आणि पुढे १५ रुपये असा दर होता, तो या महिन्याच्या १ तारखेपासून ३६ आणि १८ झाला आहे. य = १५क्ष आणि य = १८क्ष. दोन्ही वेळा आंतरछेद तंतोतंत शून्य, दोन्ही रेषा आरंभबिंदूतून. फक्त चढ बदलला.

दिल्लीत जानेवारी २०२३ पासून पहिल्या दीड किलोमीटरला ३० रुपये आणि पुढे किलोमीटरला ११ रुपये आहेत. समीकरण य = ११क्ष + १३.५०. इथे मात्र आंतरछेद पूर्णांकात आणण्याचा अवशेष नाही, तो साडेतेरा रुपयांचा आहे, आणि क्ष-आंतरछेद −१.२२७ किलोमीटर आहे. दीड किलोमीटरच्या पुढे जाणारा दिल्लीचा प्रत्येक प्रवासी सव्वा किलोमीटर जास्त गेल्यासारखे पैसे देतो, पण स्वस्त दराने. बसण्याचेच वेगळे पैसे, असे या रेषेचे मराठीत सांगता येईल. चारही शहरांच्या दरपत्रकांवर ‘किमान भाडे’ आहे आणि ते वाचून चारही ठिकाणची रचना सारखी वाटते. आंतरछेद काढल्याशिवाय दिल्लीचे वेगळेपण दिसत नाही.

मुंबईची आणि दिल्लीची रेषा कुठे छेदतात हे दोन चलांतील रेषीय समीकरणांच्या पद्धतीने काढले. १७.१४क्ष + ०.२९ = ११क्ष + १३.५०, म्हणून ६.१४क्ष = १३.२१ आणि क्ष = २.१५, य = ३७.१७. हा छेदनबिंदू स्वीकारण्यापूर्वी तो दोन्ही समीकरणांच्या वैध भागात, म्हणजे दीड किलोमीटरच्या पुढे, आहे याची खात्री करून घेतली. सुमारे २.१५ किलोमीटरच्या आत दिल्ली महाग, त्यापुढे मुंबई महाग, आणि दहा किलोमीटरला दिल्लीत १२३.५० विरुद्ध मुंबईत १७१.६९.

२२ ऑगस्ट २०२५

सामान्य रूप आणि आंतरछेद रूप. मुंबईचे समीकरण दशांश घालवून १७१४क्ष − १००य + २९ = ० असे लिहिले. अक्ष + बय + क = ० या रूपात (इथला ‘क’ आधीच्या ‘क’हून वेगळा) चढ −अ/ब, क्ष-आंतरछेद −क/अ आणि य-आंतरछेद −क/ब असतो. त्यावरून −१७१४/(−१००) = १७.१४, −२९/१७१४ = −०.०१६९ आणि −२९/(−१००) = ०.२९. आधीची तिन्ही उत्तरे एका ओळीत परत आली. चिन्हांची गफलत इथेच सर्वांत जास्त होते, विशेषतः ‘ब’ ऋण असताना. म्हणून सूत्र पाठ असलेल्यांनीही एकदा क्ष = ० आणि एकदा य = ० ठेवून पडताळा घ्यावा असे ठरवले.

आंतरछेद रूपात, म्हणजे क्ष भागिले क्ष-आंतरछेद अधिक य भागिले य-आंतरछेद बरोबर एक या रूपात, दिल्ली आणि पुणे सहज बसतात. बंगळूर बसत नाही. दोन्ही आंतरछेद शून्य असल्यामुळे शून्याने भागावे लागते. आरंभबिंदूतून जाणाऱ्या रेषेला हे रूप का नाही, याचे कारण नियम म्हणून सांगण्यापेक्षा बंगळूरचे दरपत्रक समोर ठेवल्यावर लवकर पटले. य = २६ हा आडवा भागही या रूपात लिहिता येत नाही, तिथे कारण वेगळे आहे : क्ष-आंतरछेदच नाही.

२५ ऑगस्ट २०२५

गणपतीच्या सुट्टीपूर्वीचे शेवटचे काम. तक्त्यासाठी चार शहरांची समीकरणे, चढ व दोन्ही आंतरछेद एकक लिहून तयार आहेत. प्रत्येक समीकरणापुढे ते कोणत्या अंतरापासून लागू आहे हेही लिहिले आहे.

एका विद्यार्थ्याने दिल्लीच्या टॅक्सीचे दर आणले होते : पहिल्या किलोमीटरला ४० रुपये, पुढे वातानुकूलित नसलेल्या टॅक्सीला १७ आणि वातानुकूलित टॅक्सीला २० रुपये. समीकरणे य = १७क्ष + २३ आणि य = २०क्ष + २०. महाग टॅक्सीचा आंतरछेद कमी कसा, असा त्याचा प्रश्न होता. दोन्ही रेषा (१, ४०) या एकाच बिंदूतून सुरू होतात, आणि त्या बिंदूपासून मागे येताना जिचा चढ जास्त ती एका किलोमीटरात जास्त खाली उतरते, एक २३ वर थांबते आणि दुसरी २० वर. क्ष-आंतरछेद पहिलीचा −१.३५ किलोमीटर आणि दुसरीचा बरोबर −१. हे दोन आलेख एकाच कागदावर, मागचा भाग तुटक रेषेने दाखवून, त्यानेच काढायचे आहेत. ते सुट्टीनंतर तक्त्याच्या उजव्या कोपऱ्यात लागतील.